नाव गुप्त

"मी नाव कुठं टाकलं, मावशी? नाव तर गुप्तच ठेवलं ना!" कमलेश रत्नाबाईला परत परत समजावत होता.

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आकडेवारी सांभाळणं हे त्याचं काम. गावाचा आरोग्य फलक त्यानेच बनवला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हौसेने लावला. नाव एकाचंही नाही. नुसते आकडे. कुष्ठरोग: एक. स्त्री. वय पन्नास ते साठ. व्यवसाय: चहाटपरी. खाली लाल अक्षरांत त्याचंच वाक्य: 'औषध सुरू झाल्यावर हा रोग पसरत नाही. रुग्णाला टाळू नका.'

जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यावर वसवलेलं हे गाव. रस्ते सरळ, घरं एकसारखी.

"नाव टाकलं अस्तं तं बरं झालं अस्तं, साहेब," रत्नाबाई म्हणाली. "रत्नाबाई गावात तीन हायेत. टपरी एकच हाय."

टपरीसमोरच्या बाकांवर मंडळी रोजच्यासारखीच जमली होती. फक्त आता प्रत्येकाच्या मांडीवर घरून आणलेला थर्मास होता.

"आमाले का मालूम, कोन हाय ते!" श्यामराव थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले. "नाव तं नाही ना टाकलं."

कमलेश उठला. फलकावरच्या त्या ओळीवर त्याने काळी पट्टी चिकटवली. मग ज्यांनी फलक कधीच वाचला नव्हता, तेही पट्टीखाली काय आहे म्हणून विचारू लागले. श्यामरावांनी सगळ्यांना सांगितलं. नाव न घेता. टपरीकडे बोट करून.

शेवटी कमलेशने फलकच उतरवला, गुंडाळून काखेत मारला आणि मान खाली घालून टपरीवर आला.

"चुकलं माझं, मावशी." हे तो मनापासून म्हणाला.

सकाळपासून साय धरून बसलेलं दूध रत्नाबाईने स्टोव्हवर चढवलं. आलं ठेचलं. ग्लास घासला, विसळला, पुन्हा घासला. वाफाळता चहा त्याच्यापुढे धरला.

"घ्या, साहेब. तुमी पेले तं हे बी पेतीन."

बाकांवरच्या सगळ्यांचे डोळे कमलेशवर. त्याचा हात पुढे गेला, आणि काखेतला फलक सावरायला मागे आला.

"आत्ताच घेतला ना, मावशी. गावात शिरताना. टपरीवर."

ग्लास तसाच धरून रत्नाबाईने विचारलं, "कोनत्या?"