हिवाळ्यातला धबधबा

"अगं, बाहेर बर्फ पडतोय आणि तू भिंतीवर धबधबा टांगलास?" सासूबाई कुजबुजल्या. त्यांची सून हारू पांढरीफटक पडली. दारात म्हातारे झेन गुरू जोडे काढत होते.

जपानी चहाघरात भिंतीवरचा कागदी पट ऋतूप्रमाणे बदलतात. या पटावर एकच शब्द होता, 'धबधबा'. गुरूंनी तो एका दमात लिहिलेला. उन्हाळ्यात टांगला की पाहुण्यांच्या अंगावर तुषार उडत. हसू नका, माझ्या ओळखीच्या एकाला तिथे चांगलं पडसं झालं होतं. पट देतानाच गुरूंनी बजावलं होतं, "भलत्या ऋतूत लावलात, तर परत नेईन." आणि चहाघर तर चालायचं या पटावरच.

गुरू आत आले. रीतीप्रमाणे यजमानांच्या आधी पटापुढे वाकले आणि कान देऊन बसले.

"सूनबाई, पाण्याचा आवाज कसा येत नाही?"

"गोठलाय, महाराज," हारू बोलून गेली.

गुरूंनी मान वर केली. शाई संपत आली होती तिथे कोरड्या कुंचल्याने पांढऱ्या रेघा सोडल्या होत्या. थेट बर्फाच्या कांड्या! ते कितीतरी वेळ बघतच राहिले.

"लिहिलं मी, पण हे मला दिसलं नव्हतं. राहू दे इथेच, बारा महिने."

सासूबाई लगबगीने चहाच्या तयारीला लागल्या.

वसंत आला तसा बर्फ वितळू लागला, आणि दोघींना पटाखाली बादली ठेवावी लागली.