खांद्यावरचं कोकरू

वडिलांच्या कबरीवर बसवायचा दगड बघितला आणि रीना हिरमुसली. तिच्या वडिलांना, म्हणजे जोसेफ सरांना, ते चित्र फार आवडायचं. रोमच्या भुयारी थडग्यांत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी रंगवलेला, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. वाट चुकलेल्याला देव असाच उचलून घरी नेतो, असं सर सांगायचे. दगडावर मेंढपाळ झकास उतरला होता, पण कोकराचा एक पाय काटकीसारखा बारीक आणि वाकडा. आता बोलायचं तरी कसं? दगड सरांचे जुने विद्यार्थी विश्वासराव यांनी मोठ्या मायेनं करवून घेतला होता.

शेवटी ती हळूच म्हणाली, "काका, कारीगर ने गडबड कर दी. बघा ना, पाय टेढ़ा झालाय."

विश्वासराव काठी टेकत, लंगडत पुढे आले आणि त्यांनी त्या बारीक पायावरून हात फिरवला.

"त्याची चूक नाही, बेटा. तो सरळच कोरत होता, मीच अडवलं. लहानपणी खासगी बाजारातल्या आमच्या घरून शाळेपर्यंत सर मला रोज असेच न्यायचे. पाय सरळ असता, तर त्यांच्या खांद्यावर बसायला मिळालं असतं का?"