चंद्राच्या घरी कोणीच नाही

डॉक्टरबाईंनी खोलीतला दिवा मालवला. कोपऱ्यात एक मिणमिणता बल्ब तेवढा राहिला. "काही बोलू नका. फक्त हात पुढे करा," त्या प्रतीक्षाच्या कानाशी म्हणाल्या. प्रतीक्षाने दोन्ही हात पसरले.

"समता, जा बेटा आईकडे."

सात वर्षांची समता उठली. चाचपडत चार पावलं चालली, आईच्या पसरलेल्या हातांशेजारून पुढे गेली आणि कपाटावर जाऊन थडकली.

दिवा लागला. समता कपाळ चोळत हसत होती. प्रतीक्षाचे हात अजून तसेच पसरलेले होते.

"कधीपासून आहे हे?"

"परवा शाळेत खांबावर आपटली, तेव्हापासून," प्रतीक्षा म्हणाली. मलकापूरहून बुलढाण्याला निघताना तिने सगळं लिहून आणलं होतं. लसींच्या तारखा, तापाचे आकडे, पहिला दात कधी पडला. लेकीचं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. झोपेत तिचा श्वास मोजायची. दूध आधी हुंगायची, मग द्यायची. पोरगी शाळेच्या फाटकातून आत गेली तरी कोपऱ्यावर उभी राहायची. रोज काजळ घालताना तर हेच डोळे ती बोटभर अंतरावरून बघत आली होती.

"परवा कायचं व?" दाराशी बसलेल्या बनाबाई बोलल्या. प्रतीक्षाची सासू, आणि त्याआधीपासून सख्खी आत्या. "मॅडम, दिवेलागण झाली का पोरगी भिंत धरून चालते. तीन वरीस झाले. म्या हिले सांगतलं, तं मलेच म्हणे, आत्या, पोरगी कल्पक हाय, तिले आभायातलं सुचते."

प्रतीक्षाने लिहून आणलेल्या कागदाची घडी घातली. ती खरंच तसं म्हणाली होती.

"महिना सांगता येईल का? केव्हा सुरू झालं, कसं वाढत गेलं?"

"वहीत आहे न," समता म्हणाली. "आईच्या पर्समधे. मी चंद्राचं सांगतलं का आई तारीख टाकून लिहिते."

निळ्या पुठ्ठ्याची वही होती ती. प्रतीक्षा मराठीची एम.ए. 'आधुनिक कवितेतील चंद्र' हा तिचा लघुप्रबंध. चंद्र म्हणजे आकाशातला गोळा नव्हे, ती कवीची कल्पनाशक्ती, हे तिने साठ पानं भरून सिद्ध केलं होतं. मग लग्न झालं, नोकरी काही लागली नाही, लघुप्रबंध कपाटावर गेला. एका संध्याकाळी गच्चीवर चार वर्षांची लेक वर बघत काहीतरी बोलली आणि प्रतीक्षाच्या अंगावर काटा आला. तिने ते कॉलेजच्या सरांना फोनवर पाठवलं. सरांचं उत्तर आलं, जपा, पोर कवी आहे. तेव्हापासून ती जपत होती. एकही शब्द न बदलता, जसं बोलली तसं.

डॉक्टरबाईंनी वही उघडली. आधी नुसती चाळली. मग चष्मा सावरला. मग पेन घेतलं आणि समताचा केसपेपर पुढे ओढला.

'चंद्राच्या घरी कोणीच नाही.' त्यांनी तारीख उतरवली. बाजूला लिहिलं, रात्रीचं दिसत नाही.

'चंद्र नसतेच. मी पाह्यलं का येते.' तारीख. कडेचं दिसत नाही.

'चंद्र खिडकीत बसला. खिडकी बारीक होऊन राह्यली.' ही गेल्या बुद्धपौर्णिमेची. या ओळीपुढे प्रतीक्षाने लाल शाईने चांदणी काढली होती. डॉक्टरबाईंचं पेन तिथे थोडा वेळ थांबलं.

"इतकी व्यवस्थित माहिती मला आजवर कोणी आणून दिली नाही," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्या मनापासून म्हणत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "लग्न नात्यात?"

"आतेभाऊ," प्रतीक्षा म्हणाली.

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "घरातली पोरगी घरात आणली, मॅडम. त्याच्यानं का?"

"त्याच्यानेच असं नाही, आजी. पण होतं असं." त्या प्रतीक्षाकडे वळल्या. "डोळ्यामागचा पडदा कडेकडून मिटत येतोय. गाजर, पपई जरूर द्या, पण त्याने हे थांबणार नाही. आधी आणलं असतंत तरी थांबवता आलं नसतं. फक्त..."

"फक्त काय?"

"ती धडपडल्यावर तिला कोणी धांदरट म्हणालं नसतं."

प्रतीक्षाने मान खाली घातली. मग आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "पूर्ण जाईल?"

"कधी, ते नाही सांगता येत." सकाळी मशीनवर केलेल्या तपासणीचा कागद त्यांनी टेबलावर सरकवला. "आज इतकं दिसतंय."

कागद जवळजवळ सगळा काळा होता. मधोमध रुपयाएवढा पांढरा गोल.

समताने मान तिरकी केली, नेम धरल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. "आई, चंद्र! लिही न."

वही प्रतीक्षाच्या मांडीवर परत आली होती. तिने ती उघडली नाही. लेकीच्या केसांवरून हात फिरवत, आवाज सांभाळत तिने विचारलं, "आणि चांदण्या गं? त्या कुठे गेल्या?"

समता हसली. आईला एवढंही माहीत नाही, असं.

"चांदण्या काय खऱ्या असतात? त्या तं कवितेतल्या असतात न. चंद्र तेवढा खरा असते."