टाळ कुणाच्या हातात

कारखान्यात लेथ मशीनवरचं काम संपलं की कस्तुरीचे हात आपोआप ताल धरायचे.

"मॅडम, मी आयुष्यात कधी टाळ वाजवलेला नाही!"

प्रशिक्षण केंद्राच्या माने मॅडम हसल्या. निवृत्त होणाऱ्याच्या हातातलं कसब कंपनी यंत्रानं काढून नव्या मुलांच्या हातात उतरवायची, आणि देणाऱ्याचे हात रिकामे व्हायचे. कस्तुरीला ज्यांचं कसब मिळालं त्या सोपानकाकांनी हे ठाऊक असूनच सही केली होती. "घेऊन टाका, घरी कुठं आहे लेथ?" पण जन्मभर लेथपाशी अभंगांचा ठेका धरलेल्या त्या हातांतून टाळही निघून आला होता.

"टाळ तेवढा परत देता येईल?"

"लेथही जाईल त्याच्याबरोबर. आणि तुझी नोकरीही."

संध्याकाळी कस्तुरी काकांच्या गावी गेली. देवळात कीर्तन रंगलं होतं. टाळकऱ्यांच्या रांगेत काका टाळ छातीशी धरून नुसते उभे होते. गजर थांबला तशी ती पुढे झाली.

"काका, तुमचं कसब माझ्याकडे आलंय. टाळासकट."

काकांनी तिला न्याहाळलं. "लेथवर काम बिघडत नाही ना गं?"

"नाही."

"मग झालं तर. टाळ विठ्ठलाचा. तुझ्या हातात राहिला म्हणून काय झालं?"

"मला राहवत नाही ना पण. तुमच्याकडून घेतलं, तेच तुम्हाला शिकवते."

तिने शेजारच्याचे टाळ मागून घेतले आणि काकांसमोर उभी राहिली. कीर्तनकार बुवांनी पुन्हा गजर सुरू केला. पहिल्याच ठेक्याला काका चुकले. दुसऱ्यालाही. मग मोठ्यानं हसून म्हणाले,

"बुवा, जरा सावकाश घ्या! मास्तरीण नवी आहे."