प्रेझेंट, सर!

पहिल्या तासाला गोपिका मनीषनगरात जेवणाचे डबे पोचवत असायची. वर्गात तिचं नाव आलं की तिची मैत्रीण श्वेता आवाज बदलून "प्रेझेंट, सर" म्हणायची. एक दिवस लाखे सरांनी मान वर केली. "कोण बोललं?"

प्रॉक्सी पकडली गेली. हजेरी कमी म्हणून कॉलेजनं गोपिकाला परीक्षेलाच बसू दिलं नाही.

"रडून काहून राहिली वं?" श्वेता म्हणाली. "हजेरी कॉलेजले लागते. विद्यापीठाले फक्त पेपर लागतो. बाहेरून बस परीक्षेले."

गोपिका बसली. डबे काही सुटले नाहीत, अभ्यासही सुटला नाही.

विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात नावं पुकारायला मंचावर लाखे सरच होते.

"विद्यापीठात पहिली... गोपिका भोंगाडे." नाव वाचताना ते जरा अडखळले.

"प्रेझेंट, सर!" मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

सभागृह हसलं. सवयीनं सरांची मान वर झाली. "कोण बोललं?"

"मीच, सर," मंचाच्या पायऱ्या चढत गोपिका म्हणाली. "आज मी स्वतः आली."