घरचा मका

"गोणीत नळी खुपसायची नाही," आई म्हणाली. "जावेच्या गोठ्यात खुपस हवी तेवढी. माझ्या घरात उकरायला मी काय भेसळ करते?"

लेकीच्या हातात लोखंडी पोकळ नळी होती. धान्यातल्या बुरशीचं विष शोधणं हे तिचं काम. डेअरीच्या दुधात ते सापडलं होतं. कुणाच्या गोठ्यातून येतंय ते बघायला, डेअरीला दूध घालणारं घर असो वा नसो, ती नळी घेऊन दारोदार हिंडली होती. गोणीच्या तळाशी काय आहे ते नळी सांगते, मालक सांगत नाही.

"बरं, तूच काढून दे," लेक म्हणाली. आईशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

"उद्या ये. आज सवड नाही."

दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी दिली. मका कसा, पिवळाधमक.

लेकीचा जीव या कामात निराळ्याच कारणानं अडकला होता. तिची पोर काविळीतून नुकती उठली होती. यकृत नाजूक झालंय, खाण्यापिण्यात हयगय नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि पोर तर दुधाशिवाय कशाला तोंड लावत नव्हती.

"बुरशीचा दाणा जनावरानं खाल्ला की विष दुधात उतरतं आणि पिणाऱ्याच्या यकृतावर बसतं," लेकीनं आईला सांगितलं. "उकळूनही जात नाही."

"काहीतरीच तुझं. गाईच्या पोटात दगड पचतो."

"दगड पचेल. हे नाही पचत."

"मग पलीकडचीच्या गाईला जाऊन सांग."

पलीकडची म्हणजे आईची धाकटी जाऊ. दोघींच्या गोठ्यांत भिंत एकच, पण वैर दोन मजली.

निकाल आले. घरोघरच्या मक्यात थोडंफार विष निघालंच. पलीकडचीच्या मक्यात सगळ्यांत जास्त. आईच्या मक्यात नावालाही नाही. लेकीनं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

त्याच संध्याकाळी तिनं डेअरीचं दूध बंद केलं आणि आईकडून किटली सुरू केली. आईची गाय एकच, तिचं दूध डेअरीला जात नसे. जिचं खाणं स्वच्छ, तिचं दूध काय तपासायचं?

आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गल्लीत येताजाताना ती मुद्दाम जावेच्या दारावरून जाऊ लागली.

पोर मात्र सावरेना. चेहरा मलूल, डोळ्यांत पिवळी झाक. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो, दूध जरा वाढवा. किटली मोठी झाली.

एका सुट्टीच्या दिवशी लेक पोरीला घेऊन आईकडे आली होती. पोर ओट्यावर बसून पेल्यातलं दूध पीत होती. तेवढ्यात धाकटी जाऊ दारात येऊन उभी राहिली. डेअरीनं तिचं दूध घेणं थांबवलं होतं.

"जाऊबाई, भांडायला नाही आले," ती म्हणाली.

"मग आज सूर्य कुठून उगवला?"

"टोमणे नंतर मारा. कापणीला मका सगळ्यांचाच भिजला. तुमचाच कसा काय कोरा राहिला, तेवढं सांगा. माझंही दूध सुरू होईल."

आई कितीतरी दिवस याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं आधी हात पुसले, मग चौरंग ओढून ऐसपैस बसली.

"कोरा कसला राहतोय. हात लागतात त्याला. लेक मका मागते, चार शिकलेली माणसं तो बघणार, नाव कुणाचं जाणार? तू दिलास गोणीतला, जसा होता तसा. मी अख्खी दुपार बसले. दाणा न् दाणा निवडला. काळा, हिरवट, बुरसट, एक म्हणून ठेवला नाही. तेव्हापासून घरात खायचा मकाही तसाच निवडते."

किटलीचं झाकण लावता लावता लेकीचा हात थांबला.

"आणि निवडून काढलेला?" जावेनं विचारलं.

"टाकतेय होय? अन्न आहे ते." आईनं नातीच्या ओठांवरची साय बोटानं पुसली आणि पेला पुन्हा काठोकाठ भरला. "गाय आवडीनं खाते. दूध बघ कसं दाट उतरतंय."