पावलांची ओळख

डॉक्टर वर्तकबाईंनी कुंदाताईंचा डावा पाय दाबून पाहिला. हाड ठणठणीत होतं, पण करंगळीखाली भलीमोठी भोवरी झाली होती.

"पाय धड आहे, मग लंगडता कशाला?"

कुंदाताईंनी नजर चुकवली. "आमचे हे असेच पाय ओढत चालायचे. आमचं घर स्मार्ट, बोलणारं आहे, पावलांवरून माणूस ओळखतं. हे गेल्यावर एकदा ह्यांच्या चपला घालून, असाच पाय ओढत मी आत शिरले, तर घर म्हणालं, ‘आलात साहेब? चहा ठेवू?’ ह्यांची नाट्यगीतं लागली. मग रोजचंच झालं."

"आता पुरे. आजपासून सरळ चालायचं."

घरी आल्यावर त्यांनी चपला बाहेरच काढल्या आणि उंबरा ओलांडून सरळ चालायला गेल्या. जमेना. इतके महिने ओढलेला पाय आपसूक ओढला गेला. त्या मागे फिरल्या, पुन्हा आत आल्या. पाय पुन्हा तसाच.

"आलात साहेब?" घर म्हणालं.

कुंदाताई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. गाणं सुरू झालं आणि घरानं अदबीनं विचारलं, "कुंदाताई सात महिने घरी आल्या नाहीत. पोलिसांत कळवू का?"